चिपाडापासून पांढऱ्या कोळशापर्यंत

सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांचा इतिहास बहुधा गडकोटांचा आणि गाद्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अजिंक्यताऱ्यावर कोणाचे निशाण केव्हा लागले, औंध, फलटण, सांगली, मिरज ह्या संस्थानांच्या सीमा कोठवर होत्या, हे शाळेतल्या मुलासही थोडेफार ठाऊक असते. परंतु त्याच कृष्णाकाठी त्याच काळी गुऱ्हाळाच्या चुलाणात काय जळत होते, ते कोठून येत होते आणि त्यावर हक्क कोणाचा होता, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. वास्तविक पाहता मनुष्याच्या संसारात धान्याच्या खालोखाल महत्त्वाची वस्तू म्हणजे जळण होय. धान्य पिकले तरी ते शिजविण्यास जाळ लागतो. रस काढला तरी त्याचा गूळ होण्यास जाळ लागतो. आणि आज शहरातील ज्या घरांत धूर दिसतही नाही, त्या घरांतील विजेचा दिवासुद्धा पुष्कळदा कोठेतरी दूर पेटलेल्या भट्टीवरच चालत असतो.

अलीकडे औष्णिक वीजकेंद्रांत दगडी कोळशाबरोबर शेतातील पालापाचोळा, भुसकट व लाकडाचा भुसा ह्यांच्या दाबून केलेल्या कांड्या जाळण्याची योजना देशभर पुढे आली आहे. व्यापारी तिला नवी गोष्ट म्हणतात. परंतु शेतात जे उरते त्यावर भट्टी चालविण्याची विद्या ह्या दोन जिल्ह्यांना नवी नाही. तिचा वंशवृक्ष थेट गुऱ्हाळापाशी जाऊन पोहोचतो, आणि तिच्यापुढील प्रश्नही तितकेच जुने आहेत.

गुऱ्हाळाचे अर्थशास्त्र

उसाच्या रसात पाच भागांपैकी चार भाग पाणी असते. म्हणजे शंभर शेर रसातून गूळ करावयाचा तर सुमारे ऐंशी शेर पाणी वाफ करून उडवून द्यावे लागते. एवढे पाणी आटविण्यास लागणारे जळण विकत घ्यावयाचे ठरविले असते, तर गुळाचा धंदा कोणासच परवडला नसता. परंतु ऊस आपले जळण आपल्याबरोबर घेऊनच फडातून येतो. चरकातून रस निघाला की मागे चिपाड राहते. ते खळ्यावर पसरून चार-सहा दिवस उन्हात वाळविले म्हणजे उत्तम पेट घेते. त्याच चिपाडाचा जाळ काहिलीखाली घालावयाचा, राख उकिरड्यावर टाकावयाची आणि उकिरडा पुन्हा शेतात न्यावयाचा, अशी ही साखळी होती.

गुऱ्हाळात गुळव्याचा मान मोठा. रसावरची मळी केव्हा काढावयाची, आदण केव्हा उतरावयाचे, हे त्याच्या नजरेवर अवलंबून. परंतु त्याच्याइतकेच कसब चुलाणाच्या तोंडाशी बसून जाळ घालणाऱ्या माणसाजवळ लागे. चिपाड एकदम कोंबले तर धूर होतो आणि रस थंडावतो; कमी पडले तर आदण रेंगाळते व गुळाचा रंग बिघडतो. मूठमूठ चिपाड सारख्या लयीने आत सारीत राहणे ही विद्या तो अनुभवाने शिकलेला असे. आजच्या प्रचंड बॉयलरमध्ये इंधन सारख्या प्रमाणात पोहोचविण्यासाठी जी यंत्रे बसविलेली असतात, ती त्याच माणसाचे काम करीत असतात.

ह्या व्यवहारात एक उणीव होती. लाकडी चरकातून रस पुरा निघत नसे. पुष्कळशी गोडी चिपाडातच राहून चुलाणात जळून जाई. शिवाय चुलाण वेडेवाकडे बांधलेले असले की निम्मा जाळ धुराड्यातून वाया जाई, आणि मग चिपाड पुरेनासे होऊन बाभळीच्या लाकडावर कुऱ्हाड पडे.

लोखंडी चरक आणि कारखाना

ही उणीव भरून काढण्याचे काम लोखंडाने केले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या अधिपतींच्या आश्रयाने कुंडलजवळच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. ती आज सांगली जिल्ह्यात मोडते. नांगर व कडबा कापण्याचे यंत्र ह्यांनी सुरुवात झालेल्या त्या कारखान्यातून पुढे उसाचे लोखंडी चरकही बाहेर पडू लागले. लोखंडी चरकाने रस अधिक निघू लागला आणि चिपाड कोरडे मिळू लागले. अर्थात एकाच सुधारणेने गूळही वाढला आणि जळणही सुधारले. इंधनाच्या इतिहासात असे दुहेरी लाभ फार थोडे आढळतात.

दुसरे स्थित्यंतर पाण्यामुळे आले. भाटघरचे मोठे धरण १९२८ साली पुरे झाले आणि नीरेच्या उजव्या कालव्याने फलटणकडील कोरडी जमीन भिजू लागली. १९३२ साली परदेशी साखरेवर जकात बसवून देशी कारखान्यांना संरक्षण देणारा कायदा झाला, आणि त्याच दशकात फलटण संस्थानात साखरवाडीचा साखर कारखाना उभा राहिला. पाडेगाव येथील ऊस संशोधन केंद्रही १९३२ सालचेच. पुढे १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या परिश्रमाने सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले, आणि तो कित्ता गिरवीत कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात सांगली, रेठरे, साखराळे येथे कारखाने उभे राहिले. सांगलीच्या कारखान्यामागे वसंतदादा पाटलांची, साखराळ्याच्या कारखान्यामागे राजारामबापू पाटलांची खटपट होती.

साखरेच्या दृष्टीने हा इतिहास सर्वांस परिचित आहे. जळणाच्या दृष्टीने मात्र त्यात एक गोष्ट घडली, तिच्याकडे त्या वेळी कोणाचे विशेष लक्ष गेले नाही. गुऱ्हाळात चिपाड शेतकऱ्याच्या खळ्यावर राहत असे. कारखान्यात ते उसाबरोबर तोलून गेले. एक टन उसामागे सुमारे २८० ते ३०० किलो ओले चिपाड निघते; कारखान्याच्या भाषेत त्याला बगॅस म्हणतात. निम्मे पाणी असलेले हे बगॅसही बॉयलरमध्ये जळते आणि त्याच्या वाफेवर सबंध कारखाना चालतो. कित्येक वर्षे कारखान्यांना हे बगॅस संपविण्याचीच चिंता असे. म्हणून कमी दाबाचे बॉयलर बसवून ते कसेबसे जाळले जाई, आणि उरलेले कागद गिरण्यांस जाई. ज्या वस्तूची किंमत कोणी करीत नाही, तिच्या मालकीविषयी भांडणही होत नाही.

पांढरा कोळसा: पहिला अवतार

१९३९ साली महायुद्ध पेटले आणि पेट्रोल दुर्मिळ झाले. तेव्हा आपल्या देशात कित्येक मोटारी व मालगाड्या लाकडी कोळशाच्या वायूवर धावू लागल्या. गाडीच्या पाठीस एक पिंपासारखी भट्टी बसवावयाची, तिच्यात लाकडी कोळसा अपुऱ्या हवेत धुमसत ठेवावयाचा, आणि त्यातून निघणारा जळाऊ वायू गाळून इंजिनास द्यावयाचा, अशी ती युक्ती होती. स्वीडन, जर्मनी ह्या देशांत तर तिच्यावर लाखो वाहने चालली. युद्ध संपताच पेट्रोल पुन्हा मिळू लागले आणि ही पिंपे भंगारात गेली. परंतु तिच्यामागील शास्त्र मेले नाही; ते पुढे फलटणला पुन्हा डोके वर काढणार होते.

ह्याच सुमारास ‘पांढरा कोळसा’ हा शब्द शाळांच्या भूगोलात रूढ झालेला होता. त्याचा त्या वेळचा अर्थ धबधब्याचे पाणी. टाटांनी १९१५ साली खोपोलीस पाण्यापासून वीज काढली, त्यामागोमाग भिवपुरी व भिरा येथील केंद्रे झाली, आणि सह्याद्रीचे पाणी म्हणजे कधीही न संपणारा कोळसा असे लोक म्हणू लागले. सातारा जिल्ह्यात ह्या पांढऱ्या कोळशाची सर्वांत मोठी खाण म्हणजे कोयना. १९५४ साली आरंभ झालेल्या ह्या योजनेची वीज १९६२ पासून मिळू लागली, आणि पुढील टप्पे पुरे झाल्यावर तिची शक्ती १९६० मेगावॉटपर्यंत पोहोचली.

परंतु ह्या कोळशालाही मर्यादा निघाली. पूर्वेकडे वाहणारे कोयनेचे पाणी बोगद्यातून पश्चिमेस पोफळीकडे सोडले म्हणजे वीज होते. पण तेच पाणी कृष्णेच्या वाटेने खाली गेले तर शेते भिजतात. शेवटी १९७६ साली कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेस वळवावयाच्या पाण्यास वर्षाकाठी ६७.५ अब्ज घनफुटांची सीमा घातली. एकच पाणी दोनदा वापरता येत नाही, एवढाच त्या निवाड्याचा अर्थ. हाच न्याय पुढे पाचटास लागू पडणार आहे, म्हणून तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

फलटणचे प्रयोग

१९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि सर्व जगास जळणाची आठवण झाली. त्या टंचाईने अमेरिकेत व युरोपात लाकडाच्या भुशाच्या कांड्या करण्याच्या धंद्यास चालना मिळाली. जनावरांच्या खाद्याच्या गोळ्या पाडणारी यंत्रे आधीपासून होतीच; त्यांत खाद्याऐवजी भुसा घातला गेला. इकडे आपल्याकडे उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या संस्थेने चारा व जळण दोन्ही देणाऱ्या सुबाभळीचा पुरस्कार केला.

सातारा जिल्ह्यातील फलटण हे गाव ह्या विचाराचे एक केंद्र बनले. तेथे बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापिली होती. अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेले डॉ. अनिल राजवंशी १९८१ साली परत येऊन ह्या संस्थेत रुजू झाले. संस्थेने उसाच्या वाळलेल्या पाल्यावर व बगॅसवर चालणारी वायुभट्टी बनविली. लाकडी कोळशाचा वायू करणे सोपे, कारण तो जड असतो व भट्टीत आपोआप खाली सरकतो. पाचट मात्र कापसासारखे हलके. ते भट्टीत अडकते, मध्ये पोकळी होते आणि आग भलतीकडे धावते. ही अडचण दूर करून भट्टी प्रयोगशाळेत शेकडो तास चालविण्यात आली, आणि इंधनाच्या वजनाच्या सुमारे चोवीस टक्के कोळशाची भुकटीही तिच्यातून मिळाली. ह्याच संस्थेने १९९० नंतरच्या दशकात असाही हिशेब मांडला की, एका तालुक्यात शेतीतून जे उरते त्यावर दहा-वीस मेगावॉटचे केंद्र चालवून त्या तालुक्याची विजेची गरज तालुक्यातच भागविता येईल. वीज दूरवरून आणण्याऐवजी जळणाशेजारी करावी, हा त्यातील मुख्य विचार.

दुसरा प्रयोग डॉ. आनंद कर्वे ह्यांच्या पुण्यातील समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेचा. ही संस्था १९९६ साली स्थापन झाली व तिचे एक केंद्र फलटणला होते. तिने पाचटापासून कोळसा करण्याची अगदी साधी रीत काढली. पिंपात पाचट ठासून भरावयाचे, पिंप विटांच्या भट्टीत ठेवून बाहेरून तापवावयाचे. पिंपातून निघणारा वायू भट्टीतच जळतो व पुढचे तापविण्याचे काम तोच करतो. आत जी काळी भुकटी राहते, ती खळीत कालवून तिच्या कांड्या पाडावयाच्या. त्या शेगडीत धुराशिवाय जळतात. ह्या कामास २००२ साली इंग्लंडमधील ॲश्डेन पारितोषिक मिळाले. सह्याद्रीतील झाडे तोडून कोळसा पाडण्याची व तो पुण्यामुंबईच्या शेगड्यांस पुरविण्याची जुनी वहिवाट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना झाड न तोडता झालेल्या कोळशाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

ही दोन्ही कामे नावाजली गेली; परंतु ती गावोगाव पसरली नाहीत. पाचट गोळा करण्याची मजुरी, कोळशापेक्षा स्वस्त पडलेला स्वयंपाकाचा गॅस, आणि यंत्र बिघडल्यास दुरुस्त करणाराच जवळ नसणे, ह्या घरगुती वाटणाऱ्या अडचणीच शास्त्राच्या आड आल्या.

पांढरा कोळसा: दुसरा अवतार

‘पांढरा कोळसा’ हा शब्द मात्र मेला नाही. त्याने दुसरा जन्म घेतला. आज बाजारात पांढरा कोळसा मागितला तर पाणी कोणी दाखवीत नाही. भुईमुगाची टरफले, सोयाबीनचे भुसकट, लाकडाचा भुसा, तुराट्या, पऱ्हाट्या, पाचट ह्यांच्या दाबून केलेल्या विटा व कांड्या दाखवितात. त्या करण्याची रीत समजण्यास सोपी आहे. माल प्रथम वाळवून त्यातील ओल शेकडा दहा-बारावर आणावयाची. मग तो दळावयाचा. आणि भोके पाडलेल्या पोलादी तबकडीतून प्रचंड दाबाने पिळून काढावयाचा. दाबाने उष्णता उत्पन्न होते आणि वनस्पतीच्या काष्ठात जो चिकट अंश असतो तो मऊ होऊन सर्व कण एकमेकांस धरून राहतात. निराळा डिंक घालावा लागत नाही. सैल पाचटाने भरलेल्या गाडीत वजनापेक्षा हवाच अधिक. त्याच्या कांड्या केल्या की एका घनमीटरात सहाशे किलोपर्यंत माल मावतो. दळण्यास व दाबण्यास टनामागे सुमारे शंभर युनिट वीज लागते, आणि चांगल्या कांड्यांच्या एका टनापासून वीजकेंद्रात पंधराशे युनिटांच्या आसपास वीज होऊ शकते. म्हणजे हा व्यवहार तोट्याचा नाही.

इंग्लंडात यॉर्कशायरमधील ड्रॅक्स हे एके काळी देशातील सर्वांत मोठे कोळशाचे वीजकेंद्र होते. २०१३ पासून त्याच्या भट्ट्या एकेक करून लाकडाच्या कांड्यांवर नेण्यात आल्या. परंतु ह्या कांड्या मुख्यतः अमेरिकेतील व कॅनडातील जंगलांकडून जहाजाने येतात. झाड जाळले की त्याचा कार्बन एका दिवसात हवेत जातो. तो परत शोषून घेण्यास नव्या झाडास कित्येक दशके लागतात. म्हणून तेथे ह्या योजनेवर मोठा वाद माजलेला आहे. आपल्याकडील योजना जंगलावर नव्हे तर शेतातील अवशेषांवर उभारलेली आहे, आणि हा भेद महत्त्वाचा आहे. उसाने यंदा जो कार्बन घेतला तोच यंदा परत जातो.

पंजाब-हरयाणातील भाताच्या काडाच्या आगीने दिल्लीचे आकाश काळवंडू लागले, तेव्हा २०१७ साली दादरीच्या वीजकेंद्रात काडाच्या कांड्या कोळशाबरोबर जाळून पाहण्यात आल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्र शासनाच्या ऊर्जा मंत्रालयाने कोळशावरील बहुतेक वीजकेंद्रांस शेकडा पाच भाग अशा कांड्या मिसळणे बंधनकारक करणारे धोरण जाहीर केले, आणि त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही उघडली.

सातारा व सांगली जिल्ह्यांत कोळशाचे मोठे सरकारी वीजकेंद्र नाही. परंतु शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात फताटेवाडीस ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. त्यांतील एक संच पूर्ण भाराने चालला, तर तासाला ६ लाख ६० हजार युनिट वीज होते. एका युनिटास दोन-तृतीयांश किलो कोळसा धरला तर तासाला ४४० टन कोळसा लागेल. त्याचा शेकडा पाच भाग म्हणजे २२ टन. एक हेक्टर उसाच्या फडात आठ ते दहा टन पाचट पडते. म्हणजे एका संचास दर तासाला सव्वादोन ते पावणेतीन हेक्टरांचे सर्व पाचट लागेल, आणि दिवसाला पन्नास-साठ हेक्टरांचे! पाच टक्के हा आकडा कागदावर लहान दिसतो. शेतात तो केवढा होतो हे ह्यावरून ध्यानी येईल.

राख कोणाच्या शेतात?

येथे मूळ प्रश्न उभा राहतो. पाचट हे टाकाऊ आहे, हे गृहीत धरूनच हा सर्व हिशेब केलेला असतो. शेतकरी ते पेटवून देतो, म्हणून ते टाकाऊ, असे अनुमान काढले जाते. शेतकरी ते पेटवितो हे खरे. तोडणी झाली की खोडवा लवकर फुटावा, उंदीर व साप राहू नयेत, मशागतीस अडथळा होऊ नये, म्हणून एक काडी ओढली की काम भागते. परंतु कृषिशास्त्रज्ञ शेतकऱ्यास वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की, पाचट जाळू नका. ते सरीत दाबा व कुजू द्या. त्यात शेकडा अर्ध्याच्या आसपास नत्र व शेकडा एकच्या आसपास पालाश असते. एका हेक्टराच्या पाचटातून जमिनीस चाळीस-पन्नास किलो नत्र व पाऊणशे ते शंभर किलो पालाश परत मिळते; शिवाय ओल टिकते व तण कमी उगवते. कृष्णाकाठच्या ज्या जमिनी अतिपाण्याने व खताने खारवट आणि चोपण झाल्या आहेत, त्यांना अशा सेंद्रिय द्रव्याची किती भूक आहे, हे निराळे सांगणे नको.

शेतात पाचट जाळले तर नत्र उडून जाते, पण पालाश निदान राखेत तेथेच राहते. गुऱ्हाळातही राख उकिरड्यामार्गे शेतात परत जाई. वीजकेंद्रात मात्र पाचटाची राख कोळशाच्या ढीगभर राखेत मिसळते. ती शेताकडे परत येत नाही. आणि आपल्या देशास लागणारे पालाश खत तर जवळजवळ सर्व परदेशांतून येते. म्हणजे कोळसा वाचविण्यासाठी शेतातील पालाश सोलापुरास पाठवावयाचे आणि त्याची भरपाई परदेशी खताने करावयाची, असा उलटा व्यापार होण्याचा संभव आहे. गंमत अशी की, हेच पालाश व त्याबरोबरचा क्लोरीन बॉयलरलाही नको असतो. त्याने राख वितळून नळ्यांवर कीट बसते व नळ्या झिजतात. जमिनीला जे हवे आहे तेच भट्टीला नको आहे, ही सूचना निसर्गाने स्वतःच दिलेली आहे.

दुसरा प्रश्न हक्काचा. उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढे, ही तोडकऱ्याच्या बैलांची वैरण. उरलेले विकून तो चार पैसे मिळवितो. वाळलेल्या पाचटावर हळदीच्या काहिली शिजतात, गरिबाची चूल पेटते. ह्या वस्तूंना भाव नसतो तोवर त्या ज्याला लागतील त्याच्या असतात. भाव आला की त्या ठेकेदाराच्या होतात. बगॅसच्या बाबतीत हेच झाले. १९९० नंतर कारखान्यांनी उच्च दाबाचे बॉयलर बसवून बगॅसपासून वीज करण्यास व ती बाहेर विकण्यास आरंभ केला. २००३ च्या वीज कायद्याने त्यास उत्तेजन दिले. तेव्हा कोठे लोकांच्या ध्यानात आले की, खळ्यावरून गेलेले चिपाड म्हणजे धन होते. पुढे २०१२ साली डॉ. रंगराजन समितीने शिफारस केली की, साखर, बगॅस, मळी इत्यादींच्या एकूण उत्पन्नातील शेकडा सत्तर भाग ऊस-उत्पादकास मिळावा, आणि त्यानंतर २०१३ साली महाराष्ट्रात ऊसदरासाठी कायदाही झाला. चिपाडाचा वाटा मागण्यास शेतकऱ्याला दोन पिढ्या लागल्या. पाचटाच्या बाबतीत तरी एवढा विलंब होऊ नये.

ह्याचा अर्थ कांड्यांची योजना वाईट आहे असा नव्हे. जे जमिनीच्या फारसे उपयोगी नाही, असे पुष्कळ जळण ह्या दोन जिल्ह्यांत आहे. लाकूड कापण्याच्या गिरण्यांतील भुसा, टरफले, माण-खटावच्या माळांवर माजलेली वेडी बाभूळ, बांधावरील सुबाभळीच्या छाटलेल्या फांद्या ह्यांच्या कांड्या अवश्य कराव्यात. पाचटही जेथे खरोखरच पेटविले जाणार असेल, तेथून त्याचा काही भाग उचलण्यास हरकत नाही. परंतु अर्धेअधिक जमिनीवर राहिले पाहिजे, उचललेल्याचा पैसा फडाच्या मालकास व तोडकऱ्यास रोख मिळाला पाहिजे, आणि जेथे शक्य असेल तेथे जळण जवळच्याच साखर कारखान्यात जाळून त्याची राख त्याच शिवारात परत गेली पाहिजे. गुऱ्हाळाच्या काळी ही साखळी आपोआप जुळत असे, कारण काहील आणि शेत ह्यांमध्ये एका हाकेचे अंतर होते. आता ते अंतर शंभर-दीडशे मैलांचे झाले आहे, म्हणून जे पूर्वी आपोआप होत असे ते आता कायद्याने व करारानेच करून घ्यावे लागेल.

आपल्याकडे एक जुनी म्हण आहे की, ऊस गोड लागला म्हणून तो मुळासकट खाऊ नये. ती लोभी पाहुण्यासाठी वापरली जाते. परंतु ऊस पिकविणाऱ्या ज्या कोणी ती प्रथम उच्चारली असेल, त्याला खोडवा ठाऊक होता. मूळ राहिले तरच पुढच्या वर्षी पुन्हा ऊस येतो. उसाचा रस साखरेस गेला, चिपाड बॉयलरला गेले, शेंडे बैलांना गेले. आता पानांचीही मागणी आली आहे. ह्यानंतर जमिनीपाशी काय उरावे, हे ठरविण्याचा हक्क वीजकेंद्राच्या हिशेबनिसाइतकाच कृष्णाकाठच्या शेतकऱ्याचाही आहे, आणि शहरात दिव्याचे बटन दाबणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने त्या हिशेबाकडे एकवार लक्ष देणे अगत्याचे आहे.